विरून जाणारा आधार

(नाशिक येथील भाषणाचा मजकूर)

नाशिक नगरीच्या नावाचा संबंध लोकपरंपरेने नासिकेशी जोडला आहे. लक्ष्मणाने शूर्पणखेचे नाक पंचवटीत कापले, ही कथा येथील लहान मुलासही ठाऊक असते. परंतु कापलेले नाक पुन्हा कसे उभारावे, हा प्रश्न केवळ कथेतला नव्हता. नाक कापण्याची शिक्षा ज्या काळी प्रचलित होती, त्या काळी ते नव्याने घडविणारे कुशल हातही या देशात होते. लंडन येथील ‘जंटलमन्स मॅगझिन’च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात अशा एका शस्त्रक्रियेचे सचित्र वर्णन प्रसिद्ध झाले. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा मराठा शेतकरी १७९२ च्या युद्धात टिपू सुलतानाच्या कैदेत सापडला. तेथे त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. सुमारे वर्षभरानंतर पुण्याजवळ, विटा पाडणाऱ्यांच्या जातीतील एका जाणत्या गृहस्थाने त्याला नवे नाक करून दिले.

त्या गृहस्थाने मेणाचा पातळ पापुद्रा नाकाच्या थोटकावर बसवून आकार घेतला, तो पापुद्रा कपाळावर सपाट पसरला, त्याच्या कडेने रेघ आखली आणि तेवढी त्वचा सोडवून खाली वळविली. दोन भुवयांच्या मधला दुवा मात्र त्याने कापला नाही, कारण त्या दुव्यातूनच नव्या नाकाला रक्त मिळणार होते. आधी आकार ठरवावा, आणि रक्ताची वाट कधीही तोडू नये, ही दोन सूत्रे त्या कारागिराने जाणली होती. आजच्या ऊतक अभियांत्रिकीची उभारणीही याच दोन सूत्रांवर झालेली आहे.

उसनवारीची मर्यादा

कपाळाची त्वचा नाकाला दिली, तर कपाळावर व्रण राहतोच. शरीरातील एका जागेची उणीव भरून काढण्यासाठी दुसऱ्या जागेकडून उसने घ्यावे लागते. भाजलेल्या रुग्णाच्या मांडीवरील त्वचेचा पातळ थर काढून तो जखमेवर बसविण्यात येतो. अपघातात हाडाचा तुकडा नाहीसा झाला, तर कमरेच्या हाडातून भर काढून ती पोकळी बुजविली जाते. या पद्धती उत्तम आहेत आणि आजही लक्षावधी रुग्णांचा त्यांच्यावरच भरवसा आहे. परंतु ज्याचे निम्म्याहून अधिक अंग भाजले आहे, त्याने उसने घ्यावे तरी कोठून? ही अडचण संशोधकांना दीर्घकाळ अस्वस्थ करीत होती.

पेशी शरीराबाहेर वाढविता आल्या तर हा प्रश्न सुटेल, हा विचार त्यातूनच पुढे आला. १९७५ मध्ये अमेरिकेत जेम्स राइनवाल्ड व हॉवर्ड ग्रीन यांनी मानवी त्वचेच्या बाह्य थरातील पेशी काचपात्रात पिढ्यान्‌पिढ्या वाढविण्याची रीत शोधून काढली. जवळजवळ सर्वांगाने भाजलेल्या दोन बालकांच्या जखमा त्यांच्याच त्वचेच्या लहानशा तुकड्यापासून वाढविलेल्या थरांनी झाकण्यात आल्या, आणि त्याचा वृत्तांत १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. ही मोठीच मजल होती. तथापि काचपात्रात पेशींचा पसरतो तो केवळ पातळ पापुद्रा. हाड, कूर्चा किंवा त्वचेचा आतला जाड थर यांना लांबी-रुंदीबरोबर खोलीही असते. नुसत्या पेशी त्या पोकळीत सोडल्या, तर त्या तेथे टिकून राहत नाहीत व योग्य आकारही घेत नाहीत. पेशींना धरून राहण्यासाठी काही तरी आधार लागतो.

मांडव आणि सेंट्रिंग

हा आधार कसा असावा, हे नाशिक जिल्ह्यातील श्रोत्यांना समजावून सांगणे फारसे कठीण नाही. द्राक्षवेल स्वतःच्या बळावर उभी राहत नाही. बागाईतदार तिच्यासाठी खांब व तारांचा मांडव उभारतो, वेल त्या तारा धरून पसरते आणि प्रत्येक पानाला ऊन-वारा मिळतो. पेशींसाठी तयार करण्यात येणारी सच्छिद्र जाळी हे असेच काम करते. पेशी तिच्या भिंतींना चिकटतात, तिच्या छिद्रांतून आत शिरतात, त्याच छिद्रांतून त्यांना अन्नरस व प्राणवायू मिळतो.

मात्र द्राक्षाचा मांडव बागेत कायम उभा असतो. शरीरात कायम राहणारी परकी वस्तू पुढे त्रासाचे कारण होऊ शकते. तिच्याभोवती शरीर कठीण आवरण घालते, तेथे जंतूंना आसरा मिळतो, वाढत्या वयाच्या मुलात ती वाढीला अडथळा ठरते. म्हणून येथे दुसरा दाखला घ्यावयास हवा, तो स्लॅबखालच्या सेंट्रिंगचा. ओले काँक्रीट घट्ट होईपर्यंत फळ्या व टेकू भार उचलतात, पुढे ते काढून घेतात. ते मुदतीआधी काढले तर स्लॅब खाली येतो, आणि काढलेच नाहीत तर घरात राहता येत नाही. शरीरातील जाळी पुन्हा शस्त्रक्रिया करून काढणे इष्ट नसते. तिने आपले काम संपताच आपणहून विरून गेले पाहिजे. या शास्त्राचे सारे कौशल्य त्या विरण्याची वेळ साधण्यात आहे.

विरण्याचे गणित

शरीरात विरघळणारा पदार्थ ही शल्यवैद्यांना नवी गोष्ट नव्हती. जनावरांच्या आतड्यापासून केलेला टाक्यांचा धागा पूर्वीपासून वापरात होता. परंतु तो केव्हा विरेल याचा नेमका भरवसा देता येत नसे. १९७० च्या सुमारास ग्लायकोलिक आम्लाच्या रेणूंची साखळी जोडून केलेला कृत्रिम धागा बाजारात आला. पाठोपाठ ग्लायकोलिक व लॅक्टिक या दोन आम्लांच्या मिश्र साखळीचे धागे आले. लॅक्टिक आम्ल दह्याला आंबटपणा देते आणि कष्ट केल्यावर आपल्या स्नायूंतही तयार होते. ग्लायकोलिक आम्ल उसाच्या रसात अल्प प्रमाणात आढळते. अशा एकाच प्रकारच्या लहान रेणूंच्या लांबलचक साखळीला बहुवारिक किंवा रूढ भाषेत पॉलिमर म्हणतात. शरीरातील पाणी या साखळीचे दुवे एकेक करून तोडते, आणि मोकळ्या झालेल्या आम्लाचा शरीर नेहमीच्या मार्गाने निचरा करते. शेवटी उरतात पाणी व कार्बन डायऑक्साइड.

घटकांच्या निवडीवर विरण्याचा काळ अवलंबून असतो. निव्वळ ग्लायकोलिक आम्लाच्या धाग्याचे बळ काही आठवड्यांतच ओसरते. दोन्ही आम्ले समप्रमाणात घेतली, तर जाळी साधारण एक ते दोन महिन्यांत विरते. निव्वळ लॅक्टिक आम्लाच्या स्फटिकी बहुवारिकाला दोन वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. जखमेवर त्वचा काही आठवड्यांत धरते, हाडाला महिने लागतात. त्यामुळे सर्वांना एकच पदार्थ चालत नाही. प्रत्येक ऊतीच्या गतीप्रमाणे जाळीचा पदार्थ निवडावा लागतो.

यात एक गोम आहे. साखळी तुटताना आम्ल बाहेर पडते. जाळी पातळ असेल तर ते वाहून जाते, परंतु तुकडा जाड असेल तर आम्ल गाभ्यात साचते आणि तेथील साखळ्या अधिकच वेगाने तोडू लागते. वरून शाबूत दिसणारा तुकडा आतून पोकळ होतो. भोवतालच्या ऊतीचाही दाह होतो.

जाळी कशी पाडतात

जाळीतील छिद्रे दैवावर सोडून चालत नाहीत. हाडासाठी ती साधारणपणे एक दशांश मिलिमीटर ते त्याच्या काही पट एवढ्या आकाराची, आणि मुख्य म्हणजे एकमेकांशी जोडलेली असावी लागतात. एक सोपी रीत मिठाची आहे. ठराविक आकाराचे मिठाचे कण बहुवारिकाच्या द्रावणात मिसळतात, द्रावक उडून जाऊ देतात आणि घट्ट झालेला तुकडा पाण्यात ठेवतात. मीठ विरघळून जाते व त्याच्या जागी छिद्रे उरतात. दुसऱ्या रीतीत द्रावण गोठवून त्यातील बर्फ निर्वातात उडवून लावतात. विजेच्या दाबाने केसाहून कितीतरी बारीक तंतू काढून त्यांचे पटल विणण्याची रीत तिसरी. अलीकडे संगणकाच्या साहाय्याने थरावर थर रचून, रुग्णाच्या हाडातील पोकळीच्या मापाची जाळीही छापता येते. कावसजीच्या नाकावर बसविलेल्या मेणाच्या पापुद्र्याचे काम आता संगणकाच्या पडद्यावर होते.

यश आणि ठेच

या मार्गावरचे पहिले ठळक यश त्वचेचे होय. बॉस्टन येथील शल्यवैद्य जॉन बर्क व अभियंते योआनिस यानस यांनी १९८१ मध्ये कृत्रिम त्वचेचा अहवाल प्रसिद्ध केला. जनावरांपासून मिळणारे कोलॅजेन आणि शार्क माशाच्या कूर्चेतील एक घटक यांची जाळी, व तिच्यावर सिलिकोनचे पातळ आवरण, अशी तिची रचना होती. रुग्णाच्या स्वतःच्या पेशी खालून जाळीत शिरत, नवा थर उभा राही आणि जाळी नाहीशी होई. १९९६ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तिला मान्यता दिली. रॉबर्ट लँगर व जोसेफ व्हकांटी यांच्या १९९३ मधील लेखाने ‘ऊतक अभियांत्रिकी’ ही संज्ञा जगभर पोहोचविली. १९९७ मध्ये उंदराच्या पाठीवर वाढविलेल्या मानवी कानाच्या आकाराच्या कूर्चेचे छायाचित्र पाहून तर लोक थक्क झाले. २००६ मध्ये अँथनी अटाला यांनी सात रुग्णांमध्ये जाळीवर वाढविलेले मूत्राशय बसविल्याचा अहवाल दिला. परंतु २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुढील चाचणीत अपेक्षित लाभ दिसला नाही व गंभीर उपद्रवही आढळले.

याहून दुःखद हकिकत स्टॉकहोमची आहे. तेथील कारोलिन्स्का रुग्णालयात शल्यवैद्य पाओलो माकियारिनी यांनी २०११ व २०१२ मध्ये तीन रुग्णांना कृत्रिम पदार्थाची श्वासनलिका बसविली. तिच्यावर रुग्णाच्या मूलपेशी पेरल्या म्हणजे ती जिवंत होईल, असे सांगण्यात आले होते. ती जिवंत झाली नाही. तिन्ही रुग्ण पुढे मृत्यू पावले. २०२३ मध्ये स्वीडनच्या अपील न्यायालयाने माकियारिनी यांना दोषी ठरवून अडीच वर्षांच्या कारावासाची शिक्षा दिली. प्राण्यांवरील पुरेशी पडताळणी न करता ती नलिका माणसात बसविली गेली, हा त्यातील मूळ दोष होता.

कावसजीच्या शल्यविशारदाने राखलेला रक्ताचा दुवा येथे पुन्हा आठवावा. पेशी रक्तवाहिनीपासून मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांहून अधिक दूर असेल, तर तिला पुरेसा प्राणवायू मिळत नाही. म्हणूनच त्वचा, कूर्चा आणि हाडातील लहान पोकळी येथपर्यंत शास्त्राला चांगले पाऊल टाकता आले. यकृत वा मूत्रपिंडासारखा जाड, रक्तवाहिन्यांनी भरलेला अवयव जाळीवर वाढवून रुग्णाला देणे अद्याप साध्य झालेले नाही.

येवल्याचे रेशीम, पुण्याची प्रयोगशाळा

विरणारी जाळी केवळ कारखान्यातील रसायनांचीच असते असे नाही. निसर्गानेही बहुवारिके घडविली आहेत, आणि त्यांपैकी एकाची नाशिक जिल्ह्याला जुनी ओळख आहे. ते म्हणजे रेशीम. येवल्याच्या मागावर पैठणी विणली जाते तिचे सूत दोन प्रथिनांचे असते. आतला बळकट तंतू फायब्रॉइनचा, आणि त्याला चिकटवून ठेवणारा गोंद सेरिसिनचा. कोशाच्या वजनात या गोंदाचा वाटा सुमारे पाव हिश्शाचा असतो. कच्चे रेशीम रंगविण्यापूर्वी साबण-सोड्याच्या कढत पाण्यात उकळून हा गोंद काढावा लागतो, हे पैठणीच्या धंद्यातील मंडळींना सांगावयास नको. वैद्यकीय कामासाठी रेशीम घेतानाही पहिली पायरी हीच असते. गोंद राहिला तर रंग नीट चढत नाही, एवढीच विणकराची चिंता. वैद्यकात मात्र तो राहिला तर शरीराकडून विपरीत प्रतिक्रिया येण्याचा धोका असतो. स्वच्छ झालेले फायब्रॉइन लिथियम ब्रोमाइडच्या तीव्र द्रावणात विरघळवितात, मग क्षार गाळून काढतात. हाती राहते ते रेशमाचे पाणी. त्यापासून पटल, स्पंज, कण असे हवे ते घडविता येते.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने हा विषय हाती घेतला. १९५० मध्ये सुरू झालेल्या या प्रयोगशाळेत बहुवारिकांच्या अभ्यासाची दीर्घ परंपरा आहे. तेथे डॉ. गुरुस्वामी कुमारस्वामी, डॉ. अनुया निसळ आदी शास्त्रज्ञांनी रेशमाच्या फायब्रॉइनपासून हाडासाठी जाळ्या तयार करण्याचे काम केले. रेशमाचा साधा स्पंज मऊ असतो. हाडाच्या पोकळीत त्याने दाब सोसला पाहिजे. यावर उपाय म्हणून फायब्रॉइनचे सूक्ष्म कण एकमेकांस जोडून जाळी उभारण्यात आली. अशी जाळी दाबाला अधिक टिकते व सावकाश विरते, असे या गटाने २०१८ मध्ये ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’ या नियतकालिकात मांडले. हाड सावकाश भरते, म्हणून सावकाश विरणे हा येथे गुणच ठरतो. याच संशोधनातून पुण्यात ‘सेरिजेन मेडिप्रॉडक्ट्स’ ही नवी कंपनी उभी राहिली आणि प्रयोगशाळेतील ज्ञानाला उत्पादनाची वाट मिळाली. केरळात तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेनेही असेच काम केले आहे. डुकराच्या पित्ताशयापासून तयार केलेल्या तिच्या जखमेवरील पटलाला २०२३ मध्ये केंद्रीय मान्यता मिळाली.

रेशीम उत्पादकांनी मात्र यातून अवास्तव अपेक्षा बाळगू नये. एका रुग्णासाठी लागणारे फायब्रॉइन ग्रॅममध्ये मोजण्याइतके अल्प असते. जालना, बीड या जिल्ह्यांतील कोशांना खरा उठाव वस्त्रोद्योगाचाच राहणार. महत्त्व आहे ते दुसऱ्या गोष्टीला. परदेशी कृत्रिम त्वचा व हाडाची भर सामान्य रुग्णाला परवडत नाही. कच्चा माल, ज्ञान आणि उत्पादन येथेच असेल, तर ती जिल्हा रुग्णालयाच्या शस्त्रक्रियागृहापर्यंत पोहोचण्याची शक्यता निर्माण होते.

निर्जंतुक करणे हीही परीक्षा

जाळी कितीही उत्तम असली तरी ती निर्जंतुक असल्याखेरीज शरीरात जाऊ शकत नाही. लासलगाव येथे २००२ पासून गामा किरणांचे केंद्र आहे. कांद्याला कोंब येऊ नयेत म्हणून तेथे किरण दिले जातात, आणि २००७ मध्ये अमेरिकेला जाणाऱ्या आंब्यांवरही तेथेच प्रक्रिया झाली. याच किरणांनी, परंतु कितीतरी अधिक मात्रेने, तुर्भे येथील ‘आयसोमेड’ केंद्रात १९७४ पासून वैद्यकीय साहित्य निर्जंतुक केले जाते. मात्र लॅक्टिक व ग्लायकोलिक आम्लांच्या साखळ्या गामा किरणांनी तुटतात. दोन महिन्यांत विरावयाची जाळी मग त्याआधीच विरू लागते. म्हणून त्या टाक्यांच्या धाग्यांसाठी एथिलीन ऑक्साइड वायूची रीत अवलंबितात, आणि वायूचा अंश मागे राहणार नाही याची खबरदारी घेतात. निर्जंतुकीकरणासारखी नेहमीची बाबही जाळीच्या आयुष्याचे गणित बदलून टाकते, हे यावरून ध्यानात येईल.

रुग्णाने विचारावयाचे प्रश्न

या क्षेत्राची कीर्ती पसरली, तसा तिचा गैरफायदा घेणाराही वर्ग निर्माण झाला. असाध्य आजाराने गांजलेल्या कुटुंबाला ‘मूलपेशी’ या शब्दाने सहज भुरळ पडते व शेत विकून पैसा उभा केला जातो. म्हणून काही गोष्टी प्रत्येक कुटुंबाला ठाऊक असणे अगत्याचे आहे. शरीरात बसविण्याची उपकरणे २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांखाली येतात. धोक्याच्या प्रमाणात त्यांचे चार वर्ग पाडले आहेत. आपल्या रुग्णाला सुचविलेल्या वस्तूस मान्यता आहे काय, व ती कोणत्या उपयोगासाठी आहे, हे डॉक्टरांना विचारण्याचा अधिकार प्रत्येकास आहे. उपचार अद्याप चाचणीच्या अवस्थेत असेल, तर त्या चाचणीची राष्ट्रीय नोंदणी झालेली असावी, नीतिसमितीची संमती असावी, रुग्णाला त्याच्या भाषेत सर्व समजावून लेखी संमती घेतलेली असावी. चाचणीतील उपचाराचे पैसे रुग्णाकडे मागितले जात असतील, तर तेथेच सावध व्हावे. मूलपेशींविषयीच्या २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार, मान्यताप्राप्त मोजके उपचार वगळता त्यांचा वापर केवळ रीतसर चाचणीतच करता येतो.

संपूर्ण राज्यासाठी असलेले महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून याच नगरीत आहे. राज्याच्या काना-कोपऱ्यात शिकणारे भावी शल्यवैद्य त्याच्या कक्षेत येतात. जाळी बनविणे हे एकट्या वैद्याचे काम नाही, एकट्या रसायनशास्त्रज्ञाचेही नाही. पेशी जाणणारा, बहुवारिक जाणणारा, यंत्र जाणणारा आणि रुग्णाची जखम रोज पाहणारा अशा चौघांनी एकत्र बसावयास हवे. वैद्यकाच्या विद्यार्थ्याने पुण्याच्या प्रयोगशाळेत काही काळ घालविला आणि तेथील संशोधकाने जिल्हा रुग्णालयाच्या भाजलेल्यांच्या कक्षात काही दिवस काढले, तर दोघांच्याही कामाला नेमकी दिशा मिळेल.

या विद्येची कसोटी शेवटी एकच आहे. रुग्ण बरा होऊन घरी गेला, काही महिन्यांनी तपासणीस आला, आणि तेथे जाळीचा मागमूसही न राहता त्याचे स्वतःचे हाड किंवा त्वचा तेवढी दिसली, म्हणजे काम फत्ते झाले. जो पदार्थ शरीरात आपली खूण ठेवीत नाही, तोच येथे सर्वांत यशस्वी ठरतो. तेथवर पोहोचण्यासाठी घाई उपयोगाची नाही. वेळेआधी काढलेल्या सेंट्रिंगखाली कोणाचा तरी जीव सापडतो, ही खबरदारी गवंड्याइतकीच शास्त्रज्ञानेही बाळगणे आवश्यक आहे.